गुरुजींच्या गाडीतली शिट्टी

रविवार, दिवेलागण

हिचा खोकला थांबला का? थांबला. नातीचा ताप? गेला. माझा गुडघा कुरकुरतोय, पण ते चालायचंच. दुखणं उरलं होतं ते दारातल्या गाडीचं.

सूनबाईनं, शारदानं, घरीच गाड्यांना साउंड बसवायचं काम सुरू केलंय. शेजारचे गुरुजी तिचं पहिलं गिऱ्हाईक. अॅम्प्लिफायर नवा, स्पीकर नवे, तरी इंजिन वाढवलं की गाण्यामागं बारीक शिट्टी. गेन, म्हणजे अॅम्प्लिफायरचा जोर, कमी केला तर गाणं बसलं, शिट्टी तशीच! शारदाचं तोंड एवढंसं झालं. पहिलंच काम असं गेलं, तर दुसरं कोण देणार?

मी रेडिओ उघडून उघडून शिकलेला माणूस. म्हटलं, अर्थिंग बघू. अॅम्प्लिफायर सीटखाली; तिथं वाकलो, तर तिनं अर्थिंगची वायर पत्र्याच्या रंगावरच आवळलेली.

"अगं, रंगातून करंट जातोय होय?"

"मामा, लोकांची नवी गाडी. ओरखडा कसा काढू?"

आता या मायेला काय बोलावं? गुरुजींनाच विचारलं. ते हसले. "सीटखाली कोण बघतंय? खरवडा की!"

पॉलिश पेपरनं पत्रा उघडा केला, वायर परत आवळली, इंजिन वाढवलं. शिट्टी गेली! मग शारदानंच कान देऊन गेन हळूहळू वर आणला आणि आवाज फाटायच्या आत थांबली. शिकली की पोरगी.

गुरुजी आत्ताच अक्कलकोटला निघाले. शारदा दारातून ओरडली, "कसं वाजलं ते लवकर कळवा, गुरुजी! लिहूनच पाठवा, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायचंय."