एक शिट्टी थांबा, दोन शिट्ट्या चला

प्रिय ताई,

शनिवारीच लिहिणार होतो, खरंच. आधी पेन सापडेना, मग सापडलं ते खोलून दुरुस्त करत बसलो, आणि तू विचारलेल्याचं उत्तर काय लिहावं तेच सुचेना. शेवटी आईनंच टोमणा मारला, कळवलंस का बहिणीला, म्हातारी अजून चालते म्हणून?

चालते म्हणजे काय! काल मागच्या डोंगरावर जाऊन आलो. मी, आई आणि तिची दोन कुत्री. पुढे पळणाऱ्याचं नाव तिनं डायवर ठेवलंय आणि कायम मागे रेंगाळणारीचं स्टेपनी. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, पण बाई रिटायर झालीच नाही बघ. गळ्यात तीच शिट्टी. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की चालायचं. कुत्र्यांनाही तेच, मलाही तेच. चढावर मी धापा टाकतोय आणि ही गुडघ्याला पट्टा बांधून वरून ओरडतेय, पुढे सरका, पुढे जागा आहे! गुडघे दुखतात, खोटं कशाला सांगू. उतारावर आडवी पावलं टाकते. पण तोंडातून हूं की चूं नाही.

परतताना धुकं आलं. आणि मला तू ओळखतेसच. एक चमकणारा दगड दिसला, गेलो वाट सोडून. (खिशात आहे, दाखवीन तुला.) मान वर केली तर सगळं पांढरंफटक. स्टेपनी मागे जिवाच्या आकांतानं भुंकत होती, मला वाटलं लाडात आलीय. निघालो आपला अंदाजानं. तेवढ्यात धुक्यातून शिट्टी आली. एकच, लांब. ताई, माझा पाय हवेतच राहिला. लहानपणी रस्ता ओलांडताना लागलेली सवय, डोकं नंतर चालतं. धुकं जरा हललं तर समोर कडा ढासळलेला, खाली नुसती पोकळी. मी आईला दिसतही नव्हतो. स्टेपनी तशी भुंकते ती त्या कड्यापाशीच, एवढ्यावरून तिनं ओळखलं. मग डायवरला पाठवलं, दोन शिट्ट्या दिल्या आणि त्याच्या शेपटीमागून मी वाटेवर आलो. रागावली नाही. चालत्या गाडीतून उतरू नये एवढी अक्कल नाही तुला, इतकंच म्हणाली. उतार संपेपर्यंत माझी बाही मात्र सोडली नाही.

पुढे तिनंच विषय काढला. ताईनं पाठवलंय ना तुला, तिच्याकडे राहायला चल म्हणून माझी समजूत घालायला? चढताना बोलला नाहीस, आता उतरताना काय बोलणार?

म्हणून हे पत्र. तुमच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. तू बोलावलंस तर आई येईलही, पण शिट्टी इथे खुंटीला टांगून येईल. ते मला बघवणार नाही गं. रविवारी भाऊजींना गाडी घेऊन पाठवू नकोस. मीच राहतो इथे. हसू नकोस, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं कामाला ये म्हटलंय. तिच्या गुडघ्यांचं मी बघतो.

थांब, फाटक वाजलं.

अगं, भाऊजीच! आजच कसे आले? कुत्रं दिसलं की खुर्चीवर चढणारा माणूस, आणि स्टेपनी त्यांच्या बुटांवर बसलीय. सामान कुठाय, असं जागचे न हलता विचारतायत. आई म्हणतेय, सामानाचं मग बघू जावईबापू, आधी एक फेरी मारून येऊ. बाबांचे जुने डोंगरातले बूट काढलेत तिनं. भाऊजी चक्क घालतायत!

दोन शिट्ट्या झाल्या बघ. पळतो.

तुझाच,
भटक्या