अरण्याच्या दाराबाहेर दोन गुरुवार

मन्सूरा, शनिवार

थोरल्या मानाच्या इन्साफताईस,

धाकट्या भावाचा, रिफअतचा, वाकून सलाम. गुडघे काय म्हणतात? बनी सुवैफची हवा कोरडी, तेव्हा बरे असावेत. (नसले तर त्या नव्या डॉक्टरचं ऐकू नकोस; मेथीचं पाणी घे आणि जिने चढू नकोस.) माझा रक्तदाब सोडला तर इथे सगळं ठीक आहे, आणि रक्तदाबाचं कारण एक अरण्य आहे.

सविस्तर सांगतो. वकिली सोडल्यापासून माझं बोलणं ऐकायला कोणी उरलं नाही. चहाच्या दुकानात मी नुसता उभा राहिलो तरी लोक पैसे देऊन निघतात. अशात खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य शेरवेतने मला तिच्या गुरुवारच्या खेळात घेतलं. टेबलाभोवती पाच मोठी माणसं बसतात, प्रत्येक जण कल्पनेतला कोणीतरी होतो, शेरवेत गोष्ट सांगते आणि जगायचं की मरायचं ते फासे ठरवतात. हसू नकोस. तिथे माझी पाळी आली की सगळे गप्प बसून ऐकतात. नियमच आहे तसा. एवढ्यासाठी मी घोडासुद्धा व्हायला तयार होतो.

पण आधी नाव हवं. मंडळींची नावं ऐकून मी हादरलो. बुटका लोहार झालेल्या वाएलचं (बँकेत कारकून आहे) नाव ग्राझ्दुर्क. बुटक्यांची नावं म्हणे दगडावर दगड आपटल्यासारखी असावीत. अरण्यवासीयांची पाण्यासारखी वाहती आणि मध्येच एक स्वल्पविराम टांगलेली. राक्षसाला एकच अक्षर पुरतं. मला म्हणाले, तुम्ही अरण्यवासी, घ्या एक 'एलियालिल'. ताई, मी उठलो. म्हटलं, डब्यात अक्षरं खुळखुळवून ओतली म्हणजे नाव होत नाही! माणूस कोणाचा, हे सांगतं ते नाव! मागच्या पिढ्या नावात नसल्या तर आपल्या सरकारी खिडकीवर शिधापत्रिका मिळत नाही, अरण्य कोण देईल? वीस मिनिटं बोललो. चहा गार झाला, पण कोणी उठलं नाही.

तिथेच मी फसलो. शेरवेत शांतपणे म्हणाली, "पटलं, काका. आजपासून माझ्या अरण्याची हीच रीत. स्वतःचं नाव, मग आईचं, मग तिच्या आईचं. तिथे वंश बायकांकडून चालतो. दारावरचा पहारेकरी तिन्ही विचारेल, आणि खरीच हवीत हं."

"सांगा की काका," वाएल म्हणाला, "चाळीस वर्षं बायकांच्या हक्कांवर भाषणं ठोकलीत, आईचं नाव एवढं जड झालं?"

झालं. आपल्याकडे परक्यांत आईचं नाव घेणं म्हणजे घरची अब्रू चव्हाट्यावर. आठवतं ना, शाळेत फौजीने तुझ्या-माझ्या आईचं नाव मोठ्याने घेतलं आणि मी त्याचा दात पाडला? (दात दुधाचा होता, पण त्याचा बाप हे कबूल करेना.) त्यानंतर मीही परक्यांत ते नाव कधी उच्चारलं नाही. स्त्री म्हणजे अर्धं राष्ट्र, असं मी सात शहरांत गरजलो. आमच्या घरातलं अर्धं राष्ट्र मात्र 'घरची मंडळी' म्हणूनच राहिलं. तेव्हा मी दडपून ठोकलं, आईचं नाव लाएलिथ्रा. फाशावर एक पडला. पहारेकऱ्याने खोटं ओळखलं आणि माझ्या टोपीतून बाण आरपार घातला.

दोन गुरुवार मी दाराबाहेर. आत मंडळी मध खात होती, कैदी सोडवत होती. मी चहा पीत होतो. शेरवेतची आई बशी घेऊन आली, "वकीलसाहेब, तुम्ही बाहेरच आहात ना? मग ही रव्याची गोड बसबूसा आधी तुम्ही घ्या, आतल्यांना वेळ आहे." इतकी नामुष्की माझी कोर्टात कधी झाली नाही. वर वाएलचा मेहुणा माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून होता. शेरवेतने बजावलं, पुढच्या खेपेला आत या, नाहीतर खुर्ची त्याला.

परवा गुरुवारी मी उभा राहिलो. प्रस्तावना केली नाही (याची नोंद घे) आणि आपल्या आईचं नाव घेतलं. मोठ्याने. खिडकी उघडी असताना. कोणी हसलं नाही. शेरवेतने ते माझ्या कागदावर ठळक लिहिलं. वाएल म्हणाला, "छान नाव आहे हो काका," आणि मला त्याचा दात पाडावासा वाटला नाही. ताई, भाषणांनी जे चाळीस वर्षांत झालं नाही ते फाशांनी केलं. माझ्यापुरती ही जुनी बेडी तुटली, असं मी जाहीर करतो.

मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा,
रिफअत

ता. क. दार अर्धंच उघडलं आहे. शेरवेतने लगेच विचारलं, "आणि त्यांच्या आईचं?" मी तोंड उघडलं, आणि आत काही नव्हतं. लाज आडवी आली असं नाही, नावच नव्हतं. आपण तिला आजी म्हणायचो, गल्ली थोरल्या मामाच्या नावावरून 'फुतूहची आई' म्हणायची, आजोबा नुसतं 'अगं' म्हणायचे. कबरीवरही फुतूहची आई एवढंच कोरलंय. तिच्या मांडीवर वाढलो मी. तू सात वर्षांनी मोठी, तुला ठाऊक असेल. पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत मिळाली आहे. खोटं नाव रचायला मला दोन मिनिटं लागतात; पण खुर्ची गेली तरी तिच्या जागी खोटं लिहिणार नाही.

आणखी एक. फोनवर सांगू नकोस, तुझा नातू फोन सगळ्या घराला ऐकवतो. उघडं कार्डही नको. पाकिटात घाल आणि कडा नीट चिकटव. आमचा पोस्टमन सज्जन आहे, पण शेवटी परका पुरुष.