क्षिप्राच्या नावाची आंघोळ

मी, सौ. दुर्गा शरच्चंद्र राऊत, वय ६८, निवृत्त शिक्षिका, राहणार चौल, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुतण्या हितेश पुढे ते नाकारणार हे मला आजच ठाऊक आहे.

१. चौलची बावीस गुंठे नारळ-सुपारीची वाडी मला वडिलांनी बक्षीसपत्राने दिली. ती मी माझी नात आफ्रीन, वय ९, हिला देते. ती सज्ञान होईपर्यंत वहिवाट तिचे वडील, मुरूडचे मुनाफ कुर्डुकर, पाहतील.

हितेश म्हणाला, "काकी, वाडी त्यांच्या घरात गेली तर शेवटचं पाणी तुला कोण पाजतो तेच बघू." या एका वाक्यासाठी त्याला काहीही देत नाही.

२. आफ्रीनची आई क्षिप्रा ही माझी एकुलती एक मुलगी. तिने २०१५ साली मुनाफशी लग्न केले. त्याच दिवशी माझ्या पतींनी विहिरीवर जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली. ऑगस्ट २०२१ मध्ये ती डेंग्यूने खरोखरच गेली. मी एकटी मुरूडला गेले. आपल्यात सवाष्णीला हिरवा चुडा भरून पाठवतात. तिच्या अंगावर नुसते पांढरे कापड पाहून मी ओरडले. तिची सासू हलीमाबी यांनी मला जवळ घेतले. "रड गो बाय. हितं तुला कोन गप बस बोलनार न्हाय." मातीला बायका जात नाहीत, म्हणून आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो. त्या घरात तीन दिवस चूल पेटली नाही.

चौथ्या दिवशी मी घरी परतले. पती म्हणाले, "आपलं सुतक सहा वर्षांपूर्वीच फिटलं. सुरमई आणलीय, तळ." मी तळली. त्याबद्दल त्यांना माफ केलेले नाही, स्वतःलाही नाही.

३. माझ्या सोन्याच्या चार बांगड्या हलीमाबींना द्याव्यात.

४. माझे दहन चौललाच व्हावे. मुनाफ खांदा द्यायला आला तर कोणी अडवू नये. दहाव्याला कावळा शिवला नाही, तर बाईचा जीव कशात अडकला म्हणून कुजबुजत बसू नये. कशात अडकला ते इथे लिहिले आहे.

५. राहते घर पतींच्याच नावावर आहे. त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही.

हे सर्व आज सकाळी मी पतींना वाचून दाखवले. साक्षीदार म्हणून त्यांचीच सही मला हवी होती; ती असली की हितेशला कोर्टात तोंड उघडता येणार नाही. त्यांनी कागद हातात घेऊन दुसरे कलम पुन्हा वाचले. मग विचारले, "किती दिवस आजारी होती?"

चार वर्षांत हा पहिला प्रश्न.

"पाच. तिसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला होता तिने."

"माहीत आहे. वाजायचा थांबेपर्यंत हातात धरून बसलो होतो."

हे मी त्यांच्यादेखत लिहिले. लिहू नकोस, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी पेन मागितले.

ठिकाण : चौल
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

सही : दुर्गा शरच्चंद्र राऊत

साक्षीदार, नाव व नाते स्वहस्ते :
१. दिनानाथ वामन वर्तक, शेजारी
२. शरच्चंद्र गोविंद राऊत, क्षिप्राचे वडील