पालकाचं नाव

कुरियनचेट्टा,

अप्पच्चनना मी बाहेर घेऊन गेलेय. लगेच वकिलाला फोन लावू नकोस, आधी हे वाच.

अप्पच्चनना, आपल्या वडिलांना, आता काही आठवत नाही, तेव्हा त्यांचा पालक थोरला तू की धाकटी मी, हे ठरवायला काल कोर्टाच्या बाई आल्या. त्यांनी विचारलं, "पालकाचं नाव?" अप्पच्चन म्हणाले, "कुरियन." तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू खटला जिंकलासच. मी जेवलेसुद्धा नाही. पण उत्तर देताना ते ताडकन उभे का राहिले? हात मागे का बांधले?

म्हणून आज सकाळी मीच विचारलं, "कुरियन कोण हो?"

"एवढी घोडी झालीस, कुरियन माहीत नाही? माझे अप्पच्चन!"

अरे, आजोबा! थोरल्याला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, तिनेच घोळ केला. शाळेतही मास्तर हेच विचारायचे ना, पालकाचं नाव! मग मी विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" तर खो खो हसले. "मी तिसरीत आहे."

म्हणजे ना तू, ना मी.

दप्तरासाठी हटून बसले, म्हणून तुझी कोर्टाची पिशवी रिकामी करून दिली. कागद पलंगावर आहेत.

आम्ही त्यांच्या जुन्या शाळेच्या पायरीवर बसतो. शनिवार आहे, कोणी हटकणार नाही. चार वाजता त्यांचे वडील न्यायला येतात, म्हणे. काळी छत्री घेऊन, आणि खिशात केळ्याची भजी.

चारला तू ये. नाव तर तुझंच आहे.

रोसिली