आत्मारामचं परमनंट टोकन

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून कंपनीची कॉम्प्युटर-सुरक्षा माझ्या हातात. साहेब म्हणाले, मार्चपर्यंत भानगड झाली नाही तर मॅनेजर करतो. हेमांगीला सांगितलं. बायको आमच्याच बोईसरच्या प्लँटमध्ये पॅकिंगला आहे. म्हणाली, आधी घरचा नळ बघा.
संकल्प: घरी ऑफिसचं बोलायचं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
काळ्या स्क्रीनवर एक कमांड ठोकली. टोकनांचे सगळे प्रकार एकाखाली एक हजर. टोकन म्हणजे कॉम्प्युटरच्या गेटवरचा पास. यूजर, मशीन, टेम्पररी, ठीक. शेवटी परमनंट. त्यात एकच टोकन, आत्मारामच्या नावाचं. आत्माराम रिटायर होऊन दांडी गावात वाडी करतो, आणि पास अजून चालू! उडवला. टूलने विचारलं, नक्की? मी असल्या प्रश्नांना भीक घालत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
दर बुधवारी अकराला गॅसगळतीच्या भोंग्याची टेस्ट. भोंगा वाजला की कँटीनचा जिव्या चहा ओततो. आज भोंगा नाही, म्हणून चहा नाही. पॅकिंगमधली लाडकी नावाची बाई थेट केबिनमध्ये. म्हणाली, साहेब, आमी काय चहाबिगर मरायचा काय? जिव्याला सांगितलं, यापुढे घड्याळ बघून ओतायचा. प्रश्न मिटला. निर्णयक्षमता म्हणतात ती हीच.

शनिवार, ८ नोव्हेंबर
गॅसचा एकही अलार्म नाही. पूर्वी एक दिवस धड जात नव्हता. स्क्रीनवर सगळे मीटर शून्य. साहेब खूश. सुरक्षा म्हणजे शांतता. हे वाक्य भाषणात वापरायचं.

सोमवार, १० नोव्हेंबर
हेमांगीची कुरकुर. पॅकिंगमध्ये उग्र वास येतो, तिच्या शेजारी काम करणाऱ्या पुष्पलताचा खोकला थांबत नाही. तिला मोबाईलवर मीटर दाखवला. शून्य. म्हणाली, मीटरला नाक नाय, मला हाय. आत्मारामकाकांना एक फोन तरी करा, म्हणाली. रिटायर माणसाला कशाला त्रास द्यायचा?
संकल्प मोडला, म्हणून ही कटकट.

बुधवार, १२ नोव्हेंबर
चहा अकराच्या ठोक्याला. भोंग्याचं कुणी नावही काढलं नाही. खिडकीबाहेर एकही कावळा नव्हता. थंडी सुरू झाली असावी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर, हॉस्पिटल
दुपारी गॅस सुटला. भोंगा वाजला नाही. हेमांगी ओरडत शेडभर पळाली, बायकांना बाहेर काढलं. मी केबिनमध्ये मीटर बघत होतो. शून्य. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा वाटलं, स्क्रीन फार बघितली. कॉलर धरून तिनेच ओढलं मला.

बाहेर आल्यावर आत्मारामला फोन केला. म्हणाला, अरे, नवा पास मागायचा तर तीन साहेबांच्या सह्या लागत, म्हणून मीटर, भोंगा, सगळा माझ्याच पासावर जोडलेला. पास गेला का भोंगा बंद, मीटर शून्य. तो पास काढला कोणी? मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

पुष्पलता आयसीयूत आहे. अजून शुद्ध नाही. हेमांगी दारापाशी उभी आहे, खोकतेय, माझ्याकडे बघत नाही.

पुष्पलताच्या नवऱ्याने आत्ता सगळ्यांसाठी चहा आणला. मलाही दिला. म्हणाला, घ्या साहेब, तुमीपण घाबरलेले दिसता.

कप हातात आहे. पिववत नाही.