उजव्या वळणांचा रस्ता

४ तारीख, सोमवार
बाबांनी त्यांची जुनी मोटरसायकल एकदाची माझ्या गळ्यात घातली. चालता चालता मध्येच मरते. लाइट, हॉर्न, इंजिन, सगळंच. मग आपोआप जिवंत. ताई म्हणाली, मेकॅनिककडे टाक, पुढच्या सोमवारी मला इंटरव्ह्यूला न्यायचीय. म्हटलं, इंजिनिअरिंगची दोन वर्षं उगाच नाही काढली मी. (तिसरं काढलं नाही, तो भाग वेगळा.)
संकल्प: रविवारपर्यंत गाडी टकाटक.

५, सकाळी
नवी बॅटरी. विषय संपला.

५, संध्याकाळी
चौकात बंद. बॅटरीला रुळायला वेळ लागत असणार.

७, गुरुवार
ताईचा शोध: हँडल डावीकडे वळवलं की मरते. म्हणे खाली वायर घासत असणार, टाकी काढून बघ. टाकी काढायची म्हणजे सीट काढा, पेट्रोल सांडा. म्हटलं, योगायोग आहे. तिने पुन्हा पुन्हा वळवून दाखवलं. प्रत्येक वेळी योगायोग.

८
ऑफिसचा नवा रस्ता काढला. फक्त उजवीकडे वळायचं. अर्धा तास जास्त लागतो, पण गाडी एकदाही मेली नाही. म्हणजे जवळपास दुरुस्तच.

९, शनिवार
फ्यूज उडाला. दुसरा टाकला. उडाला. हल्ली फ्यूज फारच नाजूक बनवतात. शेवटी चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळून बसवला. आता काय बिशाद उडायची! डावीकडेही मरत नाही, नुसते गचके देते. इतकं सोपं होतं.

१०, रविवार
जिन्याखाली, गाडी लावतो तिथे, वास. गोडसर, प्लास्टिकचा. आई म्हणाली, शेजारी काहीतरी जाळतायत वाटतं. मीही हो म्हटलं. खिडकी लावून घेतली.
टाकीखाली हात घातला. गरम. ऊन होतं म्हणा. (गाडी सावलीत होती.)
ताईने विचारलं, नक्की झाली ना रे? गाढवा, तुझ्या भरवशावर चाललेय. म्हटलं, डोळे मिटून जा. उजव्या रस्त्याचं सांगणार होतो. पण मग तिने ‘का?’ असं विचारलं असतं.

११, सोमवार, सकाळी
गेली. गॅलरीतून पाहिलं. कोपऱ्यावर डावा इंडिकेटर लागला. काय छान चमकत होता. वळली.
मग धूर. कुठल्यातरी ट्रकचा असेल.
फोन केला. उचलत नाही. चालवताना कशी उचलेल, शहाणी आहे ती.
परत केला.

११, दुपारी
ताई चालत आली. एका पायात चप्पल नाही, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. टाकीने पेट घ्यायच्या आत किल्ली ओढून उडी मारली म्हणाली. इंटरव्ह्यू राहिला. मला वाटलं, शिव्या घालेल. किल्ली टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेली.
फ्यूज मात्र शेवटपर्यंत उडाला नाही.
तिला डाव्या हाताने नळ उघडेना. मी उघडायला गेलो, तर म्हणाली, तू नको, आईला बोलव.