पट्टा १९६६चा आहे

मी, खोन्झाफी मबासो, वय त्र्याहत्तर, राहणार थुकेला नदीकाठ, मसिंगा, माझ्यामागे कोणी वाद घालू नये म्हणून हे लिहवून ठेवते. डोकं शाबूत आहे, सुईत दोरा अजून पहिल्या खेपेला जातो आणि माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. उलट लेक म्हणते, "आई, सोड ना आता." सोडणार नाही.

१. घर, मागचं मक्याचं वावर आणि नऊ शेळ्या मुलगी नोमागुगु हिला. तांबडी शेळी आंधळी आहे म्हणून विकू नये, दूध तीच जास्त देते.

२. सुया आणि मण्यांचे डबे शिवणमंडळाच्या बायकांना. निळ्या झाकणाच्या डब्यातले मणी माझ्या आईचे आहेत. ते पर्यटकांना विकायला किल्ल्या अडकवायच्या गोफात घातलेत तर याद राखा.

३. पीटरमॅरिट्झबर्गच्या एका संग्रहालयात काचेमागे मण्यांचा गळपट्टा आहे. पाटीवर लिहिलंय: 'सुमारे १८८०. करणारी अज्ञात.' तो मी केला, १९६६ साली, वीस वर्षांची असताना. जे ताब्यात नाही त्याबद्दल मृत्युपत्रात लिहिता येत नाही, असं हे लिहून घेणारे शेजारचे मास्तर म्हणतात. तरी लिहा म्हटलं.

म्बेकेनी मचुनू डर्बनच्या गोदीत कामाला होता. आमच्यात मुलीने मण्यांचा पट्टा दिला की होकार दिला, मुलाकडून यायच्या गायींची बोलणी त्यानंतर. दोरा त्यानेच पाठवला होता, मासेमारीचा, नायलॉनचा. हिरवे काचेचे मणी संपले म्हणून शेवटच्या ओळीत मी सात प्लास्टिकचे ओवले. गळ्यात घालून तो म्हणाला, "सात खोटे आहेत."

"मोजत बसलास? लग्नानंतर बदलून देईन."

पुढच्या वर्षी गोदीत क्रेनची साखळी तुटली. त्याला पेटीतून गावी आणलं तेव्हा नोमागुगु पोटात चार महिन्यांची होती. मचुनूंचे वडीलधारे म्हणाले, "होकार दिला होतास तर पट्टा दाखव." पट्टा त्याच्या सामानात नव्हता. त्याचा धाकटा भाऊ गिजिमानी, अठरा वर्षांचा, सगळ्यांदेखत म्हणाला, "असला पट्टा मी कधी बघितलाच नाही. मबासोंची पोर काहीही सांगते."

म्हणून माझी लेक आजही मबासोच आहे. मचुनूंच्या पूर्वजांना तिचं नाव कोणी सांगितलंच नाही.

४. १९९३ साली शिवणमंडळाबरोबर त्या संग्रहालयात गेले आणि काचेमागे माझाच पट्टा दिसला. तिथल्या हॅलिडेबाईंना सांगितलं, हा माझा.

"तुमच्या आजीचा असेल, मावशी."

"दोरा बघा. नायलॉन आहे."

"दोरा नंतर कोणीतरी बदललाय."

"बदलायचा तर सगळे मणी सुटे करावे लागतात, बाई. मग ही वीण परत घातली कोणी?"

"आणि हे प्लास्टिकचे सात मणी? तीही दुरुस्तीच."

पुरावा द्यावा तर त्याची दुरुस्ती होते! पुढे त्याच बाई मला गाडी पाठवून बोलवायला लागल्या. खोक्यांमध्ये भरलेल्या मण्यांचं वय सांगायला अकरा वर्षं मी जात होते. उलटी बाजू बघायची. मण्याच्या भोकाची कड किती झिजलीय ते नखाने चाचपायचं. मणी दाताला लावायचा, काच गार लागते. वास घ्यायचा, कारण चुलीचा धूर पन्नास वर्षांतही जात नाही. मी सांगायचे, त्या लिहून घ्यायच्या आणि पाट्या बदलायच्या. ती एक पाटी सोडून.

"तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलाय, मावशी. आता कसं बदलणार?"

१८८० साली माझा बापसुद्धा जन्मला नव्हता. ती पाटी खरी असेल तर म्बेकेनीने तो पट्टा कधी घातलाच नाही आणि माझ्या लेकीला बाप नाही. हे हॅलिडेबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला चहा दिला.

५. यंदा मे महिन्यात गिजिमानी काठी टेकत माझ्या दारात आला. शेळ्यांशेजारी खाली बसला. मग म्हणाला, "पट्टा मी विकला होता. फिरत्या गोऱ्या व्यापाऱ्याला. त्याने रेडिओ दिला."

"बावन्न वर्षं गप्प बसलास?"

"आधी वाटलं रेडिओ काढून घेतील. मग तुझी भीती वाटायला लागली."

"चल संग्रहालयात. तिथे सांग."

"बसची पायरी चढवत नाही. कागदावर लिहून घे, सही करतो."

त्याला मी माफ केलेलं नाही, हे मुद्दाम नोंदवते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं मास्तर सांगतात. बरंच आहे.

६. या कागदाची नक्कल नोमागुगुने संग्रहालयात नेऊन द्यावी. पट्टा परत मागू नये. पाटी मात्र अशी हवी: '१९६६. खोन्झाफी मबासो हिने म्बेकेनी मचुनूसाठी केला.' नाही बदलली, तर या खोऱ्यातल्या एकाही बाईने यापुढे त्यांना कुठल्याच मण्याचं वय सांगू नये.

वाचून दाखवलं, ऐकलं, पटलं, म्हणून सही करते.

मसिंगा, १४ ऑगस्ट २०१९
सही: खोन्झाफी मबासो

साक्षीदार १: न्दाबेझिन्हले झ्वाने, निवृत्त शाळामास्तर. हा मजकूर मीच लिहिला.
नातं: शेजारी.

साक्षीदार २: गिजिमानी मचुनू. कलम ५ मधला मजकूर खरा आहे.
नातं: ~~ओळखीचे~~ दीर.

(मास्तरांनी लिहिलेला शब्द गिजिमानीने स्वतः पेन मागून घेऊन खोडला आणि पुढचा लिहिला. खाडाखोड मला मान्य आहे. खो. म.)